क्षांती आणि पाण्याचा टँकर



आपलं तेराव्या अध्यायाचं वाचन चालू आहे. अठराव्याच्या खालोखाल ज्ञानेश्वरीतला हा सगळ्यात मोठा अध्याय, अकराशेहून जास्त ओव्यांचा. गीतेत ज्ञानाची लक्षणं पाच श्लोकांत सांगून होतात. माउलींना मात्र कसलीच घाई नाही. एकेका लक्षणापाशी ते बसतात, दाखल्यावर दाखला देतात आणि समोरच्याचं पोट भरलं असं वाटलं की मगच पुढे सरकतात. अमानित्व झालं, अदंभित्व झालं, अहिंसा झाली. या आठवड्याचा शब्द होता क्षांती. म्हणजे सोसणं.

खरं सांगू? सोमवारी सकाळी हा शब्द वहीत लिहिला तेव्हा मला हसूच आलं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्याला क्षांती शिकवायची म्हणजे रत्नागिरीच्या माणसाला पाऊस समजावून सांगायचा. आपण दुसरं करतो काय? रस्ता सोसतो, धूळ सोसतो, टँकरचं पाणी सोसतो, 'एक क्विक कॉल' सोसतो. या हिशेबाने राजीव गांधी आयटी पार्कातून रोज संध्याकाळी ज्ञानी लोकांची दिंडीच बाहेर पडायला हवी.

पण माउली इतक्या स्वस्तात सोडत नाहीत. ते समुद्राचा दाखला देतात. नद्यांचे लोंढेच्या लोंढे येतात आणि समुद्र आपलं पोट मोठं करून ते घेतो. तसं या माणसाला न सोसण्यासारखं काही उरतच नाही. इथपर्यंत ठीक होतं. पुढे ते म्हणतात, आपण सोसतोय याची आठवणसुद्धा त्याला राहत नाही. इथे मी अडकले. आठवडाभर अडकले.

कारण आमच्याकडे सोसण्याची आठवण हाच तर मुख्य उद्योग आहे. मी मारुंजीत राहते आणि फेज तीनमध्ये काम करते. सोमवारी ऑफिसात शिरले की कॉफी मशीनपाशी सभा भरलेली असते. "मला लक्ष्मी चौकात वीस मिनिटं." "वीस? मी भूमकर चौकातच चाळीस मिनिटं उभा होतो." मारुंजीवाल्याला वाकडवाला भारी पडतो, वाकडवाल्याला औंधवाला. एवढ्यात हडपसरवाला हेल्मेट काढत आत येतो आणि सगळे गप्प होतात. तो काही बोलतही नाही. नुसता पाण्याची बाटली उघडतो. त्याला कोणी तरी उठून खुर्ची देतं. जास्त सोसलेल्याला मान जास्त, अशी आमच्याकडची पद्धत. समुद्र जर आपल्याकडे नोकरीला असता तर त्याने दर सोमवारी नद्यांची यादी वाचून दाखवली असती, कोण किती क्युसेकने आली ते.

या सोमवारी मी ठरवून गेले की आज आपण किती वेळ लागला ते सांगायचं नाही. क्षांतीचा सराव. शिवाजी चौकाच्या अलीकडे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. डावीकडे फुटपाथ मोकळा होता. मोकळा म्हणजे त्यावर फक्त माणसं चालत होती. एकेक दुचाकी त्यावर चढू लागली. माझी स्कूटर अगदी चढायच्या जागेपाशी होती. मी चढवली नाही. मनात म्हटलं, बघा माउली. तेवढ्यात मागून आवाज आला, "ओ ताई, जायचं नसेल तर बाजूला व्हा की! आम्हाला तरी जाऊ द्या!" मागे चारपाच जण खोळंबले होते. माझ्या क्षांतीने चौघांची क्षांती संपवली होती.

मी बाजूला झाले नाही, हेही सांगून टाकते. फुटपाथवर एक आजी भाजीची पिशवी घेऊन येत होत्या. त्या निघून जाईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मागच्या दादांनी माझ्याबद्दल जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते हॉर्नच्या भाषेत असल्यामुळे कुणाला शब्दशः कळलं नसावं.

माझं काम टेस्टिंगचं आहे. आमच्यात एक साधी गोष्ट पहिल्या महिन्यात शिकवतात. ज्या टेस्टला फेल होण्याची सोयच नाही, ती पास झाली याला काही अर्थ नसतो. मग मला प्रश्न पडला की बसच्या सीटवर, दोन कंटेनरच्या मधोमध, निमूट बसलेल्या माणसाची क्षांती ही क्षांती का? तो दुसरं करणार काय? उडी मारून जाणार? त्याला आपण नाइलाज म्हणतो. नाइलाज आणि क्षांती बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोघंही गप्प असतात, दोघांच्याही चेहऱ्यावर काही नसतं. फरक असलाच तर तो जिथे पर्याय आहे तिथे कळेल. फुटपाथ मोकळा असताना, हॉर्न हाताशी असताना, उलट बोलायला तोंडावर उत्तर तयार असताना.

इथल्या जुन्या लोकांना हे नवीन नाही. हिंजवडी म्हटलं की आपल्याला काचेच्या इमारती आठवतात, पण हे गाव म्हातोबाचं आहे. चैत्री पौर्णिमेला, हनुमान जयंतीच्या दिवशी, म्हातोबाच्या यात्रेत बगाड निघतं. गळकरी पाठीत गळ टोचून घेतो. ती प्रथा पटावी की न पटावी हा वेगळा विषय, त्यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. मला त्यातलं एवढंच महत्त्वाचं वाटतं की गळकरी होणं हा मान असतो. कोणी कुणाला धरून आणून गळकरी केलं तर त्याला यात्रा म्हणणार नाहीत, पोलीस केस म्हणतील.

मंगळवारी काहीच झालं नाही. असेही दिवस असतात.

बुधवारी स्टँडअपमध्ये एका सहकाऱ्याने मी शोधलेला बग स्वतःच्या नावावर सांगितला. अगदी सहज, डबा उघडावा तसा. मी गप्प राहिले. पर्याय होता, उत्तर तयार होतं, पुरावा तर तारीखवार होता. तरी गप्प राहिले, आणि गंमत म्हणजे जड गेलं नाही. दुपारपर्यंत विसरलेसुद्धा. रात्री आईशी फोनवर बोलताना आठवलं आणि मी तिला सांगितलं. आई म्हणाली, "विसरलीस तर मला कसं सांगितलंस?" बार्शीच्या माणसांशी बोलताना जपून बोलावं लागतं.

तर बुधवारपर्यंत माझा हिशेब असा झाला होता: पर्याय असताना सोसलं आणि मग विसरून गेलं, की क्षांती. वहीत लिहूनही ठेवलं. आता हे लक्षण संपवून पुढच्याकडे जायचं, एवढंच बाकी होतं.

शुक्रवारी टँकर आला.

आमच्या सोसायटीत नळाला पाणी येतं ते गुळण्या करण्यापुरतं. बाकी सगळा खेळ टँकरचा. दहा हजार लिटरचा टँकर पहाटे पाचला येतो, वॉचमनकाका व्हॉल्व्ह उघडतात, टाकी भरली की रजिस्टरवर सही करतात. शुक्रवारी सही झाली होती, टँकर गेला होता आणि साडेसहाला बी विंगच्या नळांनी खोकायला सुरुवात केली. सातला सोसायटीच्या ग्रुपवर छप्पन मेसेज होते. साबण लावलेल्या अवस्थेतून लिहिलेले मेसेज लगेच ओळखू येतात, त्यांत काना-मात्रा नसतात.

आठपर्यंत निकालही लागला. चूक वॉचमनची. सही त्याची म्हणजे जबाबदारी त्याची. कुणीतरी सुचवलं की त्याच्या पगारातून एका टँकरचे पैसे कापावेत म्हणजे पुढच्या वेळी नीट लक्ष देईल. खाली अंगठे उगवू लागले. एक, दोन, सात, अकरा.

आमच्या सोसायटीत निम्म्याहून जास्त घरं आयटीवाल्यांची आहेत. आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की मोठी मीटिंग होते. त्या मीटिंगचा पहिला नियम असा की कुणाचं नाव घ्यायचं नाही. माणूस चुकला असं म्हणायचं नाही, व्यवस्थेत कुठे फट राहिली ते शोधायचं. हा नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूने भांडलेली आहे. लाखो रुपयांचं नुकसान झालं तरी कुणाच्या पगारातून शंभर रुपये कापले गेल्याचं मी ऐकलेलं नाही. हेच लोक लिफ्टने पार्किंगमध्ये उतरतात आणि एका वॉचमनच्या बाबतीत आठ वाजताच निकाल देऊन मोकळे होतात. इंजिनिअर चुकला तर व्यवस्थेची फट, वॉचमन चुकला तर हलगर्जीपणा. हे मला सोसवलं नाही. शब्द मुद्दाम वापरतेय.

मेसेज लिहायला घेतला. पहिला मसुदा लिहिताना फार मजा येत होती. एकेक विशेषण असं बसत होतं की वा! मग थांबले. मजा येतेय म्हणजे हा मेसेज काकांसाठी नाही, माझ्यासाठी चाललाय. फोन ठेवला आणि खाली गेले.

काका केबिनमध्ये बसले होते. त्यांना ग्रुपवरचं कळलेलं होतं. त्यांना ग्रुपवर कुणी घेतलेलं नाही, पण अशा बातम्या जिन्याने खाली येतात. मी विचारलं, "काका, काय झालं?" ते म्हणाले, "ताई, मी दोन्ही व्हॉल्व्ह उघडले होते. मधल्या वेळेत बी विंगचा कुणी बंद केला का काय, मला नाही माहीत. अंधार असतो. गाडीवाला घाई करतो, त्याला पुढच्या सोसायटीत जायचं असतं." मग जरा थांबून म्हणाले, "जाऊ द्या. आपलं चालायचंच."

आता मला सांगा, ही क्षांती का?

वरून पाहिलं तर सगळी लक्षणं जुळतात. राग नाही, तक्रार नाही, आवाज चढलेला नाही. आमच्या चेअरमनकाकांनी नंतर मला म्हटलंसुद्धा, "तो बिचारा काही बोलत नाही. फार सहनशील माणूस आहे." पण वॉचमनकाका एजन्सीकडून आलेत. उलट बोलले तर सोसायटीला एक फोन करायचा, उद्या दुसरा माणूस हजर. त्यांच्यापुढे फुटपाथ मोकळा नव्हता. दोन्ही बाजूंनी कंटेनर होते. आणि त्यांच्या सहनशीलतेचं कौतुक कोण करत होतं? तर ज्यांची त्यामुळे सोय होत होती ते. तेव्हापासून मी एक ठरवलंय. कुणी कुणाच्या सोसण्याचं कौतुक करू लागलं की आधी बघायचं, या सोसण्याचं बिल कोण भरतंय आणि पाणी कोण वापरतंय. घरातल्या बायकांच्या सहनशीलतेचं जे आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुक केलं त्यालाही हे लावून बघा. पण तो विषय एका दिवसाचा नाही.

अर्थात काकांच्या मनात काय होतं हे मला दिसत नाही. कदाचित तिथे खरीच क्षांती असेल, माझ्यापेक्षा शंभरपट जास्त. मी ती नाकारत नाही. फक्त ती आहे असं धरून त्यांच्या पगाराला हात लावण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही.

मी विचारलं, "काका, मी ग्रुपवर बोलू का?" हे विचारणं गरजेचं होतं. मी बोलून वर निघून जाणार, खाली उरणार ते. ते म्हणाले, "बोला. पण मी काही बोललो असं लिहू नका." तसंच करायचं ठरलं.

वर येऊन पुन्हा तेरावा अध्याय उघडला. क्षांतीच्या जरा मागे गेले. अहिंसेवर माउलींनी शंभराहून जास्त ओव्या खर्च केल्यात, क्षांतीवर मोजक्याच. क्रमही बघा, आधी अहिंसा आणि मग क्षांती. दुसऱ्याला दुखवायचं नाही हे आधी पक्कं झालं की मग स्वतःला जे होईल ते सोसायचं. आणि क्षांतीच्या वर्णनात जे जे येतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या अंगावर येतं. शेजाऱ्याच्या अंगावर आलेलं तो शांतपणे बघत बसतो, असं तिथे कुठेही नाही. मी दोनदा वाचलं.

तेव्हा एकनाथ महाराज आठवले. नाथांना शांतिब्रह्म म्हणतात. पैठणची ती गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलीय. गोदावरीवर स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकायचा, ते शांतपणे पुन्हा स्नानाला जायचे, तो पुन्हा थुंकायचा. असं एकशे आठ वेळा झालं म्हणतात. लहानपणी मला त्या गोष्टीत फक्त एवढंच वाटायचं की थुंकणाऱ्याला इतका वेळ कसा. दुसरी गोष्ट कावडीची. काशीहून गंगेचं पाणी रामेश्वराला घेऊन जाताना वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होतं. नाथांनी रामेश्वरासाठी आणलेलं पाणी त्याच्या तोंडात ओतलं.

या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या सांगतो. पहिली शांतीची, दुसरी भूतदयेची. मला शुक्रवारी पहिल्यांदा त्या शेजारीशेजारी ठेवाव्याशा वाटल्या. माणूस तोच. स्वतःच्या अंगावर थुंकी पडली तर एकशे आठ वेळा सोसतो. गाढवाची तहान मात्र त्याला एका क्षणासाठीही सोसवत नाही. 'हे गाढवाचं प्रारब्ध' असं म्हणून पुढे जाणं सोपं होतं. सोबतच्यांना ते शास्त्राला धरूनही वाटलं असतं. शिवाय कावडीतलं पाणी महिनोन्‌महिने वाहून आणलेलं. तिथे त्यांनी शांती राखली नाही, असं म्हणायचं का?

मेसेजचा दुसरा मसुदा लिहिला. त्यात अहिंसेतला एक दाखला कामी आला. आई पिल्लाला तोंडात धरून नेते, तेव्हा दात तेच असतात पण पिल्लाला रुततात इतकेच की ते पडू नये. मी तिन्ही विशेषणं काढली. कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच लिहिलं की दोन्ही व्हॉल्व्ह टँकर येण्याआधी आणि गेल्यानंतर कोणी तपासले याची नोंद आपल्याकडे नाही, टाकीची पातळी बघायची सोय अंधारात नाही, आणि नोंद नसताना पगार कापणं मला मान्य नाही. पैसे वसूल करायचेच असतील तर सगळ्या घरांत वाटून घ्यावेत, माझा वाटा मी आजच देते.

पाच मिनिटं शांतता. मग उत्तर आलं, "ताई, तुम्ही तर रोज ज्ञानेश्वरी वाचता ना? मग एवढ्याशा गोष्टीसाठी का तापताय? जरा शांत घ्या." खाली हात जोडल्याच्या तीन खुणा. लगेच दुसऱ्या कुणीतरी तुकोबांच्या चित्राचा, आहे त्यात समाधान मानावं असा सुप्रभात टाकला.

हे उत्तर मला फार विचार करायला लावून गेलं. चिडून म्हणत नाही. रोज वाचन करणाऱ्या तुम्हा सगळ्यांना हे कधी ना कधी ऐकावं लागलं असेल. वाचणारा माणूस म्हणजे त्याने कशावरच बोलायचं नाही, असा एक अलिखित करार लोक परस्पर करून टाकतात. त्यात आपली सहीसुद्धा नसते. आणि तुकोबांचं म्हणाल तर देहू इथून स्कूटरने जाऊन यावं एवढ्या अंतरावर आहे. दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेल्या या माणसाने वडिलोपार्जित सावकारीची आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. लोकांकडून येणं असलेला पैसा पाण्यात! आहे त्यात समाधान मानायचं ते त्यांनी स्वतःच्या ताटापुरतं मानलं. ऋणकोला पत्र पाठवून 'समाधान मान' असं कळवलं नाही.

उत्तरात मी एवढंच लिहिलं, "वाचते म्हणूनच विचारतेय. रविवारी मीटिंगमध्ये बोलू." ग्रुपवरची चर्चा मग नेहमीप्रमाणे पार्किंगकडे वळली.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. क्षांती, अहिंसा, नाथ, गाढव, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाणी आलं का शेवटी?" मी म्हटलं, हो, अकराला दुसरा टँकर मागवला. "आणि त्या वॉचमनने सकाळी काही खाल्लं होतं का?" हे मी विचारलं नव्हतं. ते माझ्या तिन्ही मसुद्यांत कुठेच नव्हतं. शनिवारी सकाळी पोहे केले ते दोन वाट्या जास्त केले आणि खाली नेऊन दिले. काकांनी आधी कोथिंबीर बाजूला काढली, मग खाल्ले. म्हणजे त्यांनाही आवडीनिवडी आहेत आणि त्या ते लपवत नाहीत. मला बरं वाटलं.

रविवारची मीटिंग क्लबहाउसमध्ये झाली, तिथे पंखा एकच आहे म्हणून लवकर संपली. पगार कापायचा नाही असं ठरलं. फार काही भाषणं झाली नाहीत. टाकीपाशी दिवा लावायचा खर्च किती येईल हे ऐकल्यावर सगळ्यांनाच तो आधी का नव्हता याचं आश्चर्य वाटलं. व्हॉल्व्ह कोणी बंद केला ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला शांत घ्यायला सांगणारे दादा माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनी ठरावाला हात वर केला आणि निघताना म्हणाले, "ज्ञानेश्वरी कुठली वाचता तुम्ही? अर्थासकट असलेली असेल तर सांगा." मी नाव सांगितलं. आणखी काही बोलावंसं वाटलं नाही, तेही बोलले नाहीत.

एक ठराव मात्र असाही झाला की यापुढे टँकरच्या रजिस्टरवर दोन सह्या हव्यात, एक वॉचमनची आणि एक कुठल्यातरी सभासदाची. पहाटे पाचला उठून खाली कोण येणार यावर बराच वेळ खोकणं-खाकरणं झालं. शेवटी पाळ्या लावल्या. बुधवार माझ्याकडे आलाय. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, टॉर्च आणा. दिवा लागायला अजून पंधरा दिवस."

उद्या आर्जव घेऊया. ओव्या थोड्याच आहेत, आधी एकदा वाचून या.

राम कृष्ण हरी.